आयफोन १७ : पुण्याच्या स्टोअरमधून, ऑनलाइन, म्हापशात की दुबईहून?

म्हापशेकर
आयफोन १७, २५६ जीबी. लाँचची किंमत ८२,९००. बदल्यात आयफोन १२ द्यायचा आहे. बिल माझ्या छपाईच्या दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर हवं.

पर्याय चार: पुण्यात कोरेगाव पार्कचं ॲपल स्टोअर, ॲपलचं ऑनलाइन स्टोअर, पणजी-म्हापशातला अधिकृत विक्रेता, नाहीतर दुबईहून येणारं कुणी. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात स्वस्त पडतो का? चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घ्यावा की नंतर? आणि जाता जाता, भारतात ॲपलची विक्री एवढी वाढते म्हणतात, मग गोव्यात दुकान का नाही?

रायबंदरकर
पुण्याचा विचार सोडा. साडेचारशे किलोमीटर जाऊन तुम्ही छापील किंमतच मोजणार. सूट मिळाली तर ठरावीक बँकांच्या कार्डावर, आणि ती घरबसल्या ऑनलाइन स्टोअरवरही मिळते. अधिकृत विक्रेत्याला एमआरपीच्या वर जाता येत नाही, खाली यायला मात्र आडकाठी नाही. तेव्हा घासाघीस करायची ती इथल्याच दुकानात.

फक्त "रोख किती कमी कराल?" असं विचारून फारसं सुटत नाही. हे विचारा: कार्डाची सूट बिलातच वजा होणार की काही आठवड्यांनी कार्डावर जमा होणार? एक्स्चेंजचा बोनस जुन्या फोनच्या सांगितलेल्या किमतीत धरलाय की त्यावर वेगळा? कव्हर आणि काच घेतली नाही तरी हाच भाव राहील ना? तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार अडखळला तर पुढच्या दुकानात जा.

चार्जरचा खर्च आधीच धरा. डब्यात फक्त केबल येते, दोन्ही टोकांना टाइप-सी. आयफोन १२ ची लाइटनिंग केबल १७ ला लागत नाही आणि रुंद तोंडाच्या जुन्या ॲडॅप्टरमध्ये नवी केबल जात नाही. वीस मिनिटांत पन्नास टक्के चार्ज हा कंपनीचा दावा ४० वॉट किंवा त्याहून मोठ्या ॲडॅप्टरवरचा आहे.

आता किंमत खरंच जास्त आहे का? १८ टक्के जीएसटी बाजूला काढायला ८२,९०० ला १.१८ ने भागा, ७०,२५४ येतात. अमेरिकेत हाच फोन ७९९ डॉलर, कर वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाँचच्या वेळी डॉलर ८८ च्या आसपास होता, म्हणजे ७०,३१२. जवळजवळ तोच आकडा. साध्या १७ वर आपण जादा भरतो तो १८ टक्के जीएसटी, बाकी काही नाही. महागड्या आयफोन १७ प्रोचं गणित निराळं. १,३४,९०० मधून कर काढला की १,१४,३२२ उरतात. तिकडे १,०९९ डॉलर म्हणजे ९६,७१२. साडेसतरा हजारांहून जास्त फरक. तयार फोनवरची कस्टम ड्युटी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २० वरून १५ टक्के झाली आणि १७ चे प्रोसकट सगळे प्रकार भारतात जोडले जातात, त्यामुळे ड्युटीचं कारण पुरत नाही. प्रो घेणारा पंधरा-सतरा हजारांसाठी मागे फिरत नाही, हे कंपनीने ओळखलंय, असं माझं मत.

फोंड्याचा हिशोबनीस
जीएसटीचं आधी बघा, कारण तुमच्यासाठी सगळ्यात मोठी सूट तीच. ८२,९०० मध्ये कर १२,६४६ रुपये. फोन धंद्यासाठी असेल आणि तुम्ही नियमित करदाते असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असाल तर नाही.

फसगत होते ती इथे. पुण्याच्या काउंटरवर घेतलेल्या बिलात सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लागला, तर गोव्याच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. वर तुमचा क्रमांक छापलेला असला तरी. परराज्यातून माल येत असेल तर बिलात आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा जीएसटी) दिसला पाहिजे; गोव्यातल्या दुकानातून घेतलात तर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी. ऑनलाइन ऑर्डर करताना जीएसटी क्रमांक पैसे भरण्याआधी टाका. बिल निघाल्यावर बदलून देण्याची टाळाटाळ नेहमीचीच. डिलिव्हरीचा पत्ताही गोव्याचाच हवा. पत्त्यात वाड्याचं नाव, घर क्रमांक आणि जवळची खूण लिहा. नुसतं "बाजाराजवळ, म्हापसा" लिहिलंत की पार्सल दोन फेऱ्या मारून परत जातं.

क्रेडिट घेतलंत तर पुस्तकात फोनची किंमत ७०,२५४ धरा. कराच्या रकमेवर क्रेडिट आणि घसारा दोन्ही घेता येत नाही.

मडगाव_मोबाइल
चवथीबद्दल. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती आणि नवा फोन जाहीर झाला ९ सप्टेंबरला. त्याच दिवशी आयफोन १६ ची अधिकृत किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. चवथीला हौसेने १६ घेतलेल्यांचे तेरा दिवसांत दहा हजार गेले. चवथ जवळ आली आणि नवं मॉडेल यायचं असेल तर, बाब, आधी कंपनीची तारीख बघा.

किंमत उतरल्यावरही सगळीकडे एकदम स्वस्त होत नाही. डिस्ट्रिब्युटरकडून थेट माल उचलणाऱ्या दुकानाला पडून राहिलेल्या नगांवर फरकाची क्रेडिट नोट मिळते, ते लगेच भाव खाली आणतं. इकडून-तिकडून नग उचलून विकणाऱ्याला ती मिळत नाही. तो जुन्याच भावाला चिकटतो, नाहीतर "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणतो. बिल गेलं की क्रेडिट गेलं, आणि वॉरंटीच्या तारखेवरून वाद झाला तर हातात पुरावा नाही.

दुबईचं एवढ्यासाठी सांगतो की गोव्यात घरटी कुणीतरी आखातात असतं. लाँचच्या वेळी साधा १७ तिथे ३,३९९ दिरहॅमना होता. तेव्हाचा दिरहॅम २४ रुपयांचा धरला तर ८१,५७६. तेराशे रुपयांसाठी कुणाला कशाला गळ घालायची? प्रोवर मात्र फरक आहे: ४,६९९ दिरहॅम म्हणजे १,१२,७७६, बावीस हजार कमी. पण आणणाऱ्याची ड्युटी-फ्री मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवर कर भरावा लागतो. दुसरं म्हणजे अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन आणि सौदीत विकल्या जाणाऱ्या १७ मालिकेत सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेलं सिम). फोन बंद पडला की कार्ड काढून जुन्या फोनमध्ये टाकणं विसरा. आणि भारताचं बिल नाही, म्हणजे हिशोबनीसांनी सांगितलेले १२,६४६ ही गेले. तुमच्यासाठी दुबईचा फोन उलट महाग.

डिचोलीकर
दुकान का नाही, यावर. एका ब्रँडच्या परदेशी दुकानांना ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट होती, ती २०१९ मध्ये सैल झाली. मग २३ सप्टेंबर २०२० ला ऑनलाइन स्टोअर आलं. पहिलं दुकान १८ एप्रिल २०२३ ला मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), दोन दिवसांनी दिल्लीत साकेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूचं हेब्बाळ आणि पुण्याचं कोरेगाव पार्क, डिसेंबरात नोएडा. सगळी महानगरांतल्या बड्या मॉलमध्ये. गोव्याची अख्खी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख, एकट्या पुणे महापालिकेची ३१ लाखांवर. हंगामात पर्यटक कितीही येवोत, फोन ते आपल्या गावी घेतात.

वाढीचे आकडे नीट वाचायला हवेत. ॲपलच्या भारतातल्या कंपनीचं उत्पन्न २०२२-२३ मध्ये ४९,३२२ कोटी, २०२३-२४ मध्ये ६७,१२२ कोटी. ३६ टक्के वाढ. पण यातली मोठी विक्री डिस्ट्रिब्युटरना केलेली असते. तो माल गिऱ्हाइकाच्या खिशात गेला की मडगावच्या शेल्फवर पडला, हे त्या आकड्यातून कळत नाही. भारतात जोडून परदेशी जाणाऱ्या फोनांची निर्यात तर कंत्राटी कारखान्यांच्या खात्यात असते, ती वेगळीच. वर्तमानपत्रं हे दोन्ही एकाच मथळ्यात कोंबतात. दुकानं दोन असतानाच ही वाढ झाली, म्हणजे ती ओढली कुणी? हप्त्यांनी, एक्स्चेंजने आणि रिसेलरांनी.

म्हापशेकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे इथलाच अधिकृत विक्रेता. सहा महिन्यांचा "नो कॉस्ट" हप्ता सांगतात, तो खरोखर फुकट असतो का?

फोंड्याचा हिशोबनीस
नसतो. व्याजाएवढी सूट आधी देतात, मग बँक ते व्याज हप्त्यात वसूल करते. हप्ता ८२,९०० भागिले ६, म्हणजे १३,८१७. बँकेचा दर १६ टक्के असेल तर त्यात व्याज सुमारे ३,७३६. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६७२ रुपये, तो तुमच्याच डोक्यावर. प्रोसेसिंग फी १९९ असली तर करासकट २३५. एकूण नऊशेच्या आसपास. एकरकमी भरल्यावर कार्डाची सूट याहून मोठी मिळत असेल तर हप्ता नको. आणि हप्त्यावर घेऊन फोन परत केलात तर फी परत येत नाही, हे गृहीत धरा.

मडगाव_मोबाइल
घेताना काउंटरवरच करायचं: सील तुमच्यासमोर फोडा, *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडा. इंग्रजीत केवायएम, मधे जागा, मग तो आकडा असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनचा प्रकार कळतो आणि तो काळ्या यादीत असेल तर तेही.

जुना १२ देण्याआधी डेटा नव्यावर हलवा, ई-सिम असेल तर तेही. मग "फाइंड माय" (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद, आयक्लाउडमधून साइन आउट, शेवटी इरेझ. क्रम चुकवून पासवर्ड विसरलात तर फोन तुमच्या नावावर कुलूपबंद राहतो आणि एक्स्चेंज तिथेच रद्द.

ॲपलकेअर प्लस (पैसे भरून घ्यायचं कंपनीचं जादा संरक्षण) आजच घ्या असा आग्रह धरतील. खरेदीपासून साठ दिवस मुदत असते.