विषय : समाजभवनाची फाइल – अर्ज कोणाच्या नावाने करायचा?

प्रेषक : सचिव (लक्ष्मीनगर)

सप्रेम नमस्कार,

झोन कार्यालयात द्यायचा मसुदा सोमवारपूर्वी पक्का करायचा आहे. बागेला लागून असलेल्या समाजभवनाबद्दल ठरलेले प्रश्न त्यात घेतले आहेत : जागा नागपूर सुधार प्रन्यासाची (शहर विकासासाठीच्या वेगळ्या शासकीय संस्थेची) की महापालिकेची, बांधकाम कोणत्या निधीतून झाले, सध्या ते कोणत्या संस्थेकडे आणि किती वर्षांच्या करारावर आहे, आणि सामान्य नागरिकासाठी भाड्याचा मंजूर दर काय. परवा पुन्हा जाऊन पाहिले. आतल्या अर्ध्या सभागृहात मंडपवाल्याच्या खुर्च्यांच्या थप्प्या आणि गुंडाळलेल्या सतरंज्या आहेत. कोनशिलेवरून रंगाचा ब्रश फिरलेला आहे, आणि उन्हाची तिरीप आली की त्यातला ‘निधीतून’ एवढाच शब्द वाचता येतो.

गेल्या कोजागरीला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पावती मागितली म्हणून किल्ली मिळाली नाही, आणि भुलाबाई (विदर्भातला भोंडल्यासारखा गाण्यांचा सण) गच्चीवर मांडावी लागली. ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांना जिना चढता आला नाही. या वर्षी तसे होऊ नये, म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या व माझ्या सहीने जावा असे मला वाटते. हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावे.

---

प्रेषक : धरमपेठेतून

सचिव महोदय, नमस्कार.

प्रश्न योग्य आहेत, पण लेटरहेडला माझी हरकत आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 3 प्रमाणे हा अधिकार नागरिकाला आहे. अर्ज मंडळाच्या नावाने गेला तर ‘संस्था ही नागरिक नाही’ एवढ्या एका ओळीवर तो परत करता येतो, आणि त्यात आपला महिना जातो. माझ्या नोकरीची सगळी वर्षे आवक-जावक विभागात गेली, त्यामुळे परत जाणारे अर्ज कोणत्या कारणाने परत जातात हे मी जवळून पाहिले आहे. एका सभासदाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून अर्ज करावा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन कलम 6 ने अर्जदारावर ठेवलेले नाही, तेव्हा कोजागरीचा परिच्छेद पूर्ण काढावा.

दुसरे असे की महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवावा लागतो. आपला मसुदा त्याच्या दुप्पट आहे. ‘अमुक समाजभवनाच्या फाइलीतील करारपत्र, मंजुरीचा ठराव आणि दरपत्रक यांच्या प्रती’ एवढे लिहिले तर विषय एकच राहतो आणि चारही प्रश्नांची उत्तरे त्या कागदांत येतात. ‘असे का केले’ हा प्रश्न अर्जात अजिबात घालू नये. माहिती अधिकारी हाताशी असलेला कागद देतो, कारणे शोधून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

जागा प्रन्यासाची की महापालिकेची, यावर आपण बैठकीत जी चर्चा केली तिची गरज नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे कलम 6(3) प्रमाणे त्यांचेच काम आहे.

---

प्रेषक : न्यू जर्सीहून

सर्वांना नमस्कार.

मी येथूनच अर्ज करण्यास तयार आहे, दहा रुपयांचे शुल्क कोणी भरले तर बरे होईल. आमच्या गावच्या ग्रंथालयात सभेसाठी खोली हवी असेल तर नियम, दर आणि मोकळे दिवस संकेतस्थळावर दिसतात. नागपुरात आजही किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरावे लागते, याचे वाईट वाटते. डिसेंबरच्या स्नेहमेळाव्यासाठी मात्र समाजभवनात अडकून न पडता रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहच घ्यावे, असे मी मागेही सुचवले होते.

---

प्रेषक : महालातून

आयुष्मान,

तुझी तळमळ समजते, पण तू तिकडचे नागरिकत्व घेतलेस, आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी कायद्याच्या दृष्टीने तू नागरिक नाहीस. तुझ्या नावाने अर्ज चालणार नाही. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे त्यांना परदेशात राहूनही तो करता येतो.

सुरेश भट सभागृहाबद्दल. 2017 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले तेव्हा मी तेथे होतो. वास्तू देखणी आहे आणि महापालिकेची आहे, म्हणजे आपलीच आहे. पण सुमारे दोन हजार आसनांच्या सभागृहात आपली दीडशे माणसे बसवली तर समोरच्या रांगासुद्धा भरत नाहीत. मोठी सभागृहे शहराला हवीतच, मात्र भुलाबाई, वाढदिवस, शोकसभा, वाचनवर्ग हे सगळे पायी जाता येईल अशा जागेत व्हावे लागते, आणि समाजभवने त्यासाठीच बांधली गेली. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असते, तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या बाजूला बंदोबस्तातून वाट काढणे ज्येष्ठांना जमत नाही, हेही लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मंडळाला नेहमी पश्चिम नागपूरचीच भवने आठवतात. महापालिकेचे झोन दहा आहेत, आणि सतरंजीपुरा, आसीनगर, नेहरूनगर येथेही समाजभवने आहेत. विचारायचेच तर सर्व झोनची यादी मागावी.

---

प्रेषक : कोषाध्यक्ष (प्रतापनगर)

काकांच्या शेवटच्या मुद्द्यापुरते लिहितो. दहाही झोनची यादी मागितली तर ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येईल आणि आपल्या भवनाचा कागदही अडकेल. यादीसाठी वेगळा अर्ज करावा, आणि तो सतरंजीपुऱ्यात राहणाऱ्या सभासदाने केला तर अधिक उचित होईल. तेथील माणसाने तेथले विचारावे.

सभागृह कोणाचे आहे हे आधी पाहिल्याशिवाय प्रश्न विचारू नये, असेही मला वाटते. गेल्या वेळी आपण वसंतराव देशपांडे सभागृहाच्या दराची तक्रार महापालिकेकडे पाठवली होती, वास्तविक ते राज्य शासनाचे आहे. धनवटे रंगमंदिर विदर्भ साहित्य संघाचे, म्हणजे 1923 मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेचे. तेथील दर महापालिका ठरवीत नाही.

---

प्रेषक : महालातून

कोषाध्यक्ष, तुमचे व्यवहारज्ञान मान्य आहे, पण ‘तेथील माणसाने तेथले विचारावे’ हे मला पटत नाही. अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन 2021 मध्ये पाडले गेले. त्यानंतर लोकांना आंदोलन करावे लागले, महिला महिनोन् महिने धरणे धरून बसल्या, आणि जागा कोणाकडे, करार कोणाशी, हे प्रश्न त्या मांडवातून विचारले गेले. ते भवन फक्त अंबाझरीच्या रहिवाशांचे नव्हते. कागद आपण आधी, शांतपणे आणि सर्वांसाठी मागून ठेवले पाहिजेत, एवढेच मी म्हणतो.

---

प्रेषक : धरमपेठेतून

काका, दोन्ही अर्ज करू, पण वेगवेगळे. सतरंजीपुऱ्याच्या सभासदांशी मी बोलते.

करारपत्रात काय पाहायचे तेही लिहिते, म्हणजे प्रती हातात आल्यावर गोंधळ होणार नाही. महापालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 मध्ये आहे, आणि मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा असे तेथे म्हटले आहे. म्हणून मंजुरीचा ठराव आणि ठरलेली रक्कम, दोन्ही बघावे. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यावर प्रशासक आले, त्या काळातला करार असेल तर महासभेच्या ठरावाऐवजी प्रशासकांचा आदेश असेल. मुदत संपूनही ताबा चालू आहे का, आणि पोटभाड्याने देण्यास मनाई करणारी अट आहे का, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. मंडपवाल्याच्या खुर्च्या कोणत्या आधारावर तेथे आहेत, याचे उत्तर त्या एका अटीत आहे.

---

प्रेषक : सचिव (लक्ष्मीनगर)

ताई, कलम 3 चा मुद्दा मान्य. मात्र पाठपुरावा मंडळाने केला आहे आणि मंडळाचे नाव कोठेच राहणार नाही, याची खंत वाटते. अर्ज तुमच्या नावाने जावा, आणि माहिती मिळाल्यानंतर आयुक्तांना द्यायचे निवेदन मंडळाच्या लेटरहेडवर जावे, असे केले तर चालेल का?

---

प्रेषक : धरमपेठेतून

चालेल. निवेदनाला सोबत करारपत्राची प्रत जोडली की त्याचे वजनही वाढते.

अर्ज सोमवारी देते. त्याच दिवशी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था शासनाने 2018 च्या परिपत्रकाने लावून दिलेली आहे, तिचाही उपयोग करू. फाइल समोर आली तर तीस दिवस थांबण्याचे कारण उरणार नाही. नाहीच दाखवली, तर तसे लेखी मागू. अर्जाला मुदतीत उत्तर आले नाही तर पहिले अपील मीच करीन. कोषाध्यक्षांनी दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप आणावेत, दोन अर्जांसाठी दोन. काकांनी येऊ नये, कार्यालय वरच्या मजल्यावर आहे. सचिवांनी आधार कार्ड आणि कोनशिलेचा सकाळच्या उन्हात काढलेला फोटो घेऊन पावणेतीनला प्रवेशद्वाराशी भेटावे.