पोपचं कुटुंबावरचं ऐकायचं, पगारावरचं नाही? अमेरिकेतल्या उजव्यांबद्दल एक प्रश्न

धरमपेठची_वाचक

एमएच्या सेमिनारसाठी अमेरिकेतला उजवा विचार वाचते आहे. आमच्या घरात आजोबांपासून शाखा, त्यामुळे कुटुंब, परंपरा, खासगी मालमत्ता यांवरचं त्यांचं बोलणं मला परकं वाटत नाही. अडलं एकाच ठिकाणी. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'मातेर एत माजिस्त्रा', म्हणजे 'आई आणि शिक्षिका', हे परिपत्रक काढलं. त्यात मजुरी, शेतकरी, गरीब देशांना मदत, सरकारची जबाबदारी असं सगळं आलं होतं. अमेरिकेतले उजवे संपादक विल्यम बकली स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, पण त्यांच्या 'नॅशनल रिव्ह्यू' मासिकानं टोला छापला: 'आई, हो, शिक्षिका, नाही.' २०१५ मध्ये रिपब्लिकन नेते जेब बुशही म्हणाले की आर्थिक धोरण मी बिशपांकडून किंवा पोपकडून घेत नाही. गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र याच गोटातून चर्चचा दाखला दिला जातो. हे सोयीपुरतं वाचणं आहे, की त्यामागे काही विचार आहे?

मस्टरवाला

ताई, विचार आहे, आणि तो आधी नीट मांडला पाहिजे. मी कॅथलिक आहे, नागपुरात मोहननगरच्या कॅथेड्रलला जातो, आणि बावीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत पगारपत्रकं करतो आहे.

त्यांचं म्हणणं असं: तत्त्व सांगणं चर्चचं काम, पण कर किती लावावा, किमान वेतन किती ठेवावं हा व्यवहाराचा निर्णय, त्यात श्रद्धावान माणसाचं मत वेगळं असू शकतं. शिवाय १९३१ च्या परिपत्रकात पोप अकराव्या पायसनी लिहिलंच आहे की जे काम लहान संस्थेला जमतं ते मोठ्या संस्थेनं हिसकावून घेऊ नये. सरकारच्या वाढत्या हाताला भिणारे उजवे त्याचाच आधार घेतात. तो खोटा नाही.

पण सगळ्याचं मूळ १५ मे १८९१ चं पोप तेराव्या लिओंचं 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक. त्यात समाजवादाला स्पष्ट नकार आहे, खासगी मालमत्तेचं जोरदार समर्थन आहे. उजव्यांना हा भाग तोंडपाठ. त्याच पत्रात पुढं आहे की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीनं ठरवलेल्या मजुरीच्याही वर एक न्याय असतो. काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल एवढी मजुरी हवीच. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीनं त्यानं कमी पैसे कबूल केले, तर तो जुलूम आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या गेटाबाहेरची चहाची टपरी आली. तेव्हा मी ज्या कारखान्यात होतो तिथल्या ठेकेदाराची माणसं कागदावर पूर्ण किमान वेतनावर होती. पगार बँकेत जमा व्हायचा. दुसऱ्या दिवशी मुकादम टपरीवर वही उघडून बसायचा आणि प्रत्येकानं एटीएममधून काढून आणलेले दोन हजार परत घ्यायचा. पॅकिंगमधली एक बाई नोटा दोनदा मोजायची, अंगठा जिभेला लावून, सावकाश. पीएफ मात्र तिच्या पूर्ण आकड्यावर बारा टक्के कापलेला असायचा, म्हणजे जे पैसे हातात राहिलेच नाहीत त्यावरही. मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, तिनं स्वतःहून कबूल केलं. दुसरीकडं जायला तिला कोणी अडवून राहिलं का?"

१८९१ चं पत्र नेमकं याच वाक्याला उत्तर देतं. म्हणून कराच्या दरावर मतभेद ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण 'राजीखुशीचा करार' म्हणून जे हात झटकतात, ते शिक्षिकेला नाही तर आईलाच नाकारतात असं मला मनापासून वाटतं.

बुटीबोरी_युनिट

माझ्याकडं चौदा माणसं आहेत. दोन हजार परत घेणं ही चोरीच, त्यात वाद नाही. पण पुरेशी मजुरी म्हणजे किती हे बिशप कसं ठरवणार? ऑर्डर थांबली की पगार त्यांच्या दानपेटीतून निघत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी अर्थव्यवस्थेवर मोठं पत्र काढलं, तेव्हा बाजारपेठेची बाजू मांडणारे लेखक मायकेल नोव्हाक वगैरे कॅथलिकांनी आधीच आपलं वेगळं पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात चूक काय?

मस्टरवाला

चूक काहीच नाही, दादा. उलट १९३१ च्या परिपत्रकात तुमची बाजूही आहे: मजुरी ठरवताना धंद्याची स्थिती बघा, धंदा बुडेल अशी मागणी करू नका. १९९१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कायद्याच्या चौकटीतल्या बाजारपेठेला मान्यता दिली, तेव्हा नोव्हाक आनंदले होते, आणि तो आनंद रास्त होता. माझा आक्षेप २००९ सारख्या वाचनाला आहे. पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांचं अर्थव्यवहारावरचं पत्र आलं आणि उजव्या विचाराचे कॅथलिक लेखक जॉर्ज वाइगेल यांनी त्यातली काही वाक्यं सोनेरी आणि काही लाल शाईनं वेगळी करता येतील असं सुचवलं. म्हणजे आवडलं ते पोपचं, बाकीचं दुसऱ्या कोणी घुसवलेलं.

जुना_कार्यकर्ता

ताई, उत्तरासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. दत्तोपंत ठेंगडी आपल्या आर्वीचे. १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ ही कामगार संघटना काढली, कम्युनिस्टांना आयुष्यभर विरोध केला, आणि वाजपेयी सरकार आपल्याच विचाराचं असताना त्याच्या आर्थिक धोरणांवर उघड टीका केली. मी तेव्हा संघटनेत होतो. आमच्यातलेच काही लोक म्हणायचे, पंत डावे झाले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

धरमपेठची_वाचक

ठेंगडींबद्दल आजोबांना विचारते. सेमिनार आता तेराव्या लिओंपासून सुरू करेन. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, नव्या पोपनी चौदावे लिओ हे नाव का घेतलं याचं कारणही त्यांनी हेच पत्र सांगितलं होतं ना? काका, त्या बाईंचं पुढं काय झालं?

मस्टरवाला

होय, कारण हेच. त्या बाईनं वर्षभरानं काम सोडलं. पीएफचा फॉर्म मीच भरून दिला. आधारवर आडनाव वेगळं होतं, म्हणून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला.