सहभागी अंदाजपत्रकाचा फॉर्म यंदा मी भरणार नाही, तुम्ही भरणार का?

तिसरी गल्ली

दरवर्षी पालिकेकडून तेच आवाहन येतं, आपल्या भागात कोणतं काम हवं ते कळवा, पुढच्या अंदाजपत्रकात घेऊ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, याला सहभागी अंदाजपत्रक म्हणतात, नागरिकांनी फॉर्म भरायचा, तो प्रभाग कार्यालयात जातो, तिथे छाननी होते आणि बसलं तर त्याला निधी पडतो. पुण्यात हे २००६ पासून चालू आहे, आमच्या शहरात (नाव घेत नाही, घेतलं की भांडण भलतीकडेच जातं) बरंच नंतर आलं.

मी सलग तीन वर्षं फॉर्म भरला. पहिल्या वर्षी मागितलं की कोपऱ्यावरचा फूटपाथ एकदम उंच आहे तिथे उतार करा, कारण शेजारच्या आजींची व्हीलचेअर रस्त्यावरूनच न्यावी लागते. उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी तेच मागितलं, तर एक दिवस टेम्पो आला आणि गल्लीत सिमेंटचं बाकडं ठेवून गेला. बाकडं! तेही कंपाउंड वॉलकडे तोंड करून. कोणी मागितलं होतं विचारलं तर म्हणे यादीत आहे. तिसऱ्या वर्षी मात्र कमालच झाली, काम मंजूर झालं, यादीत नाव दिसलं, मी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांची इमोजी टाकली आणि फेब्रुवारीत कळलं की ते पैसे दुसऱ्या कामाला वळवले, पालिकेच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात.

तर माझं म्हणणं सरळ आहे. हा फॉर्म म्हणजे लोकांना आपल्याला विचारलं बुवा असं वाटावं म्हणून केलेली सोय आहे. विचारायचं आणि उत्तर द्यायचं नाही, याला सहभाग म्हणत नाहीत. म्हणून यंदा मी भरणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

पाचवा मजला

मला पटत नाही. राग समजतो, बाकड्यावर तर मीही हसलो, पण तुम्ही तीन वर्षं एकट्याने फॉर्म भरलात ना? मग ती लॉटरी झाली. आमच्याकडे आधी एकेकट्याने भरायचे, काही व्हायचं नाही. मग एका वर्षी सगळ्या गल्लीने मिळून एकच काम ठरवलं, शाळेकडे जाणाऱ्या वळणावरचा दिवा. घराघरातून फॉर्म गेले, सगळ्यांवर अक्षर न अक्षर तेच काम. झालं ते.

दुसरं म्हणजे फॉर्मवर काय लिहिता ते. तिथल्या जेईच्या (ज्युनियर इंजिनिअरच्या) टेबलावर बसून मी बघितलंय, लोक लिहितात "रस्ता नीट करा", "स्वच्छता हवी". याचं एस्टिमेट तो काय करणार? कुठून कुठपर्यंत, लांबी किती, जागा पालिकेची आहे की खासगी, खातं कोणतं, हे लिहिलेलं असेल तर कागद पुढे सरकतो. तुम्ही काय लिहिलं होतं?

तिसरी गल्ली

लिहिलं होतं "कोपऱ्यावर व्हीलचेअरसाठी उतार करावा". आता यात न कळण्यासारखं काय आहे? की टेप घेऊन लांबी मीच मोजायची, एस्टिमेट मीच करायचं आणि पगार मात्र त्यांनी घ्यायचा?

पाचवा मजला

कोणता कोपरा ते लिहिलं होतं का? गल्लीला कोपरे दोन असतात 😄

तिसरी गल्ली

दोन्हीकडे करा की मग!

ड्रेनेजवाला

मी ठेकेदाराकडे साइटवर बरीच वर्षं काढलीत, वॉर्डातली असली कामं भरपूर केलीत, म्हणून जरा आतलं सांगतो, राग मानू नका कोणीच.

बाकडं का आलं ते बघा. या योजनेत प्रत्येक कामाला वरची मर्यादा असते, पुण्यात ती एका कामाला पाच लाखांची ठेवलेली होती, बाकी ठिकाणी कमीजास्त. आता तेवढ्यात काय बसतं? बाकडी, नावाच्या पाट्या, थोडे पेव्हर ब्लॉक, एखादा दिवा, चेंबरची झाकणं. पावसाळी लाइन बसत नाही. म्हणजे जिथे दर पावसात पाणी तुंबतं तिथल्या माणसाने कितीही फॉर्म भरले तरी त्याचं काम या डब्यात मावतच नाही, आणि शेवटी निधी तर संपवायचा असतो, मग जे मावतं ते येतं. लोकांना वाटतं कोणीतरी मुद्दाम केलं. मुद्दाम केलेलंही असतं कधीकधी, नाही म्हणत नाही, पण बहुतेक वेळा डब्याचा आकारच तसा असतो.

आणि वेळ. निधी एप्रिलला पडतो म्हणायचं, मग एस्टिमेट, मंजुरी, टेंडर, तोवर पावसाळा. पावसाळ्यात खोदाई बंद. दिवाळीनंतर वर्क ऑर्डर आणि मग मार्चअखेरची पळापळ. जानेवारीपर्यंत ज्या कामाची टेंडर नाही त्याचे पैसे वर्गीकरणात जाणार हे ठरलेलंच. तुमचं तिसऱ्या वर्षीचं काम तिथेच गेलं असणार. फॉर्म भरून लोक घरी बसतात ते मार्चपर्यंत, खरं तर ऑगस्टमध्ये जाऊन विचारायचं असतं, एस्टिमेट झालं का.

प्रश्न_साधा_आहे

मला एक कळत नाही, नगरसेवक कशासाठी निवडून देतो आपण? हे सगळं त्याचं काम आहे. त्याला पाच वर्षांनी मत मागायला यायचंय म्हणून तो निदान घाबरतो तरी, फॉर्मला कोण घाबरतं? उद्या फॉर्मने काम झालं नाही तर कोणाला पाडणार, जेईला? हे फॉर्मबिर्म सुशिक्षित लोकांचे छंद आहेत, ज्यांना नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची लाज वाटते त्यांच्यासाठी. माझी सगळी कामं एका फोनवर झालीत.

आई_ऑन_ड्युटी

तुमची झाली हो एका फोनवर, कारण तुमच्याकडे तो नंबर आहे आणि पलीकडचा तुमचं नाव ओळखतो. आमच्या मागच्या वस्तीतल्या बायकांचा फोन कोण उचलतं? आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या पालिकांच्या मुदती २०२२ मध्ये संपल्या, मग निवडणुका लांबतच गेल्या आणि प्रशासक बसले, त्या काळात कोणाला फोन केलात?

पण मला या दोन्ही बाजू पटत नाहीयेत. वर चाललंय ते सगळं आपल्यासारख्यांचं आहे, व्हीलचेअरचा उतार, शाळेकडचा दिवा. हवंच ते. पण फॉर्म ऑनलाइन, भरायला नाव-पत्ता-प्रभाग क्रमांक, आणि ज्यांना सार्वजनिक शौचालयाचं दार नसल्याने रात्री बाहेर पडायची भीती वाटते त्यांच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही. मग यादीत शौचालयाचं दार येत नाही, बाकडं येतं.

हे जिथे सुरू झालं त्या ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून वस्त्यावस्त्यांत सभा भरायच्या, लोक तोंडाने बोलायचे, फॉर्म नव्हता. आणि पैसे वाटताना सूत्र होतं, कोणत्या भागात लोकसंख्या किती आणि कोणत्या भागात पाणी, गटार, रस्ते कमी आहेत. जिथे जास्त उणीव तिथे जास्त वजन. आपल्याकडे ते सूत्र कुठेय? सगळ्या प्रभागांना सारखे पैसे दिले म्हणजे न्याय झाला असं नसतं.

पाचवा मजला

पोर्तो अलेग्रेचं नाव सगळे घेतात, पण तिथेच २०१७ मध्ये ते थांबवलं हेही सांगायला हवं. म्हणजे जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरणसुद्धा सत्ता बदलली की मरतं.

आई_ऑन_ड्युटी

जवळपास तीन दशकं चाललं की मग मेलं. आपल्याकडे तीन वर्षांत माणसं दमतात (तिसरी गल्ली, तुम्हाला टोमणा आहे हा).

तिसरी गल्ली

टोमणा पोचला. पण मी दमलो नाहीये, मला फसवलंय, फरक आहे ना.

कलम_दाखवा

सगळे फॉर्मवर भांडताय, फॉर्म हा कायद्यात नाहीच मुळी. तो पालिकेची मेहेरबानी आहे, उद्या बंद केला तर कोर्टात काय म्हणून जाल? कायद्यात आहे ते दुसरंच. ७४वी घटनादुरुस्ती १९९२ ची, ती १ जून १९९३ ला लागू झाली, त्यात ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत. आणि महाराष्ट्रात २००९ मध्ये पालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे गावात जशी ग्रामसभा तशी शहरातल्या मतदारांची सभा. ग्रामसभेत सरपंचाला उभं करून जाब विचारतात. शहरातल्या माणसाला तो हक्क कागदावर आहे आणि आपण काय मागतोय, तर फॉर्मची पोचपावती. मी म्हणतो फॉर्मवर बहिष्कार टाका आणि क्षेत्रसभा मागा.

प्रश्न_साधा_आहे

क्षेत्रसभा कोणी पाहिलीय का या धाग्यावर? हात वर करा.

ड्रेनेजवाला

🙈

कलम_दाखवा

पाहिली नाही म्हणूनच मागा म्हणतोय. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेच्या पैशासाठी राज्यांना असा कायदा करणं भाग होतं, म्हणून कायदा झाला, पैसे आले, सभा राहिली. आणि हा गोड फॉर्म देऊन सगळ्यांना गप्प बसवलंय. तिसरी गल्ली बरोबर बोलतायत, फक्त त्यांनी पुढचं पाऊल टाकलेलं नाही.

पाचवा मजला

हे मला अजिबात मान्य नाही. क्षेत्रसभा येईल तेव्हा येईल, तोवर त्या आजी रस्त्यावरूनच जाणार? मोठा हक्क मिळेपर्यंत लहान काम सोडून द्यायचं हा शुद्धतेचा हट्ट झाला, आणि तो ज्यांना व्हीलचेअर लागत नाही त्यांनाच परवडतो. केरळमध्ये १९९६ ला लोकयोजना सुरू झाली तेव्हा राज्याने योजनेच्या पैशातला पस्तीस-चाळीस टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला, मग सभांना माणसं आली कारण तिथे ठरवण्यासारखं काहीतरी होतं. नुसती सभा भरवलीत आणि हातात पैसा नाही तर तिथेही भाषणंच होतील. आपल्याकडे उलटं आहे, पैसा थोडासा का होईना आहे आणि सभा नाही. मग जे आहे त्याला धरून सभा आपणच भरवायची, गच्चीवर, मंदिरात, कुठेही, आणि तिथे ठरलेलं फॉर्मवर लिहायचं. आम्ही तेच केलं, फार काही थोर नाही.

आई_ऑन_ड्युटी

गच्चीवर वस्तीतल्या बायका येतील? लिफ्टने वर यायला सिक्युरिटी सोडेल त्यांना?

पाचवा मजला

...नाही सोडणार. बरोबर आहे. खाली भरवू.

आई_ऑन_ड्युटी

आणि संध्याकाळी सातनंतर, त्या आधी कामावर असतात. मुलांनाही बोलू द्या, न्यूयॉर्कमध्ये या मतदानात अकरा वर्षांची मुलंसुद्धा मत देतात आणि नागरिकत्व नसलेलेही. आपल्याकडे शाळेच्या वाटेवर काय आहे ते त्या मुलांइतकं कोणाला माहीत नसतं.

प्रश्न_साधा_आहे

आता मुलांचं मत, मग मांजरांचं. चालू द्या. मी फोन करतो.

तिसरी गल्ली

सगळं वाचलं. काही पटलं, काही नाही. कलम_दाखवा, तुमचं म्हणणं मनाला भिडतं, पण मी कोर्टात जाणारा माणूस नाही, माझं गुडघ्याचं दुखणं मला जिन्यावरून उतरू देत नाही नीट. पाचवा मजला, तुमच्या गल्लीत लोक एकत्र येतात हे नशीब, आमच्याकडे ग्रुपवर सुप्रभात सोडून कशाला उत्तर येत नाही. माझा मूळ मुद्दा कोणी खोडलेला नाही, की फॉर्मचं पुढे काय झालं हे पालिकेने स्वतःहून सांगायला हवं, नाकारलं तर का नाकारलं, वळवलं तर कुठे वळवलं. एक ओळ. तेवढी ओळ येत नाही तोवर मी याला सहभाग म्हणणार नाही.

पाचवा मजला

ओळ येत नसेल तर काढून घ्यायची. माहिती अधिकारात अर्ज टाका, फॉर्मचा क्रमांक द्या आणि त्या कामाची नस्ती (फाइल) मागा, एस्टिमेट, वर्गीकरणाचा प्रस्ताव, सगळं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, कागदाची प्रत मागा.

तिसरी गल्ली

म्हणजे अजून एक फॉर्म.

ड्रेनेजवाला

😂 अजून एक. पण एक काम करा साहेब, मी फुकटात सांगतो. फूटपाथची उंची मोजा, टेप नसेल तर शाळेची पट्टी चालेल. उतार एकास बारा लागतो, म्हणजे फूटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी १८० सेंटिमीटर. तेवढी जागा कोपऱ्यावर आहे का बघा, मध्ये विजेची डीपी किंवा झाड आहे का बघा. बऱ्याचदा काम त्यामुळेच अडतं आणि कोणी सांगत नाही. फोटो काढून ठेवा. फॉर्म भरा नाहीतर नका भरू, माप असलं की नगरसेवकाकडे जा, जेईकडे जा, कुठेही जा, समोरचा टाळू शकत नाही पटकन.

आणि ते बाकडं भिंतीकडून फिरवून घ्यायचं असेल तर त्याला योजना लागत नाही, साधा अर्ज द्या, दोन माणसांचं काम आहे.

तिसरी गल्ली

बाकडं राहू दे तसंच. दुपारी कुरिअरवाली पोरं त्यावर डबा खातात, भिंतीकडे तोंड असल्याने त्यांना कोणी बघत नाही म्हणून बरं वाटत असेल.

फूटपाथ मोजला आत्ता. २३ सेंटिमीटर. म्हणजे लांबी किती हो, पावणेतीन मीटर? तेवढी जागा नाहीये तिथे, पुढे लगेच डीपी आहे.

ड्रेनेजवाला

मग दुसऱ्या कोपऱ्यावर बघा.