पांढरा थर म्हणजे बुरशीच असं नाही

वर एकांनी लिहिलंय की कपाटातल्या चॉकलेटवर पांढरा थर दिसला म्हणून अख्खी वडी कचऱ्यात टाकली. अहो, हळहळ वाटली! तो थर बहुतेक वेळा कोकोच्या लोण्याचा असतो. हे लोणी साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. ठाण्यात मे महिन्यात बंद घरात पारा तिथवर सहज जातो. लोणी सुटून वर येतं आणि गार झालं की राखाडी पट्टे दिसतात. बोटाने चोळून बघा, तेलकट लागून पुसलं जातं. बुरशी लवदार असते, वासही कुबट. लोण्याचा थर आलेलं चॉकलेट खायला धोका नाही, तुकडा जरा भुसभुशीत लागतो इतकंच. मी सरळ गरम दुधात ढवळून टाकते.

फ्रिजमध्ये ठेवा, पण हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही. दमट हवेचं पाणी वडीवर धरतं, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत कण उरतात.

दिवाळीत आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात घरगुती म्हणून मिळणारी चॉकलेटं पुष्कळदा कंपाउंडची असतात, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तूप. ती उकाड्यात तग धरतात खरी, पण मला मेणचट लागतात.