लाराला नक्की काय हवं असतं? तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
चार दिवस नाशकात पाऊस नुसता कोसळतोय, दुतोंड्या मारुती कंबरेपर्यंत पाण्यात, त्यामुळे भाची माझ्याकडेच अडकलीये. तिने लॅपटॉपवर २०१३ ची टॉम्ब रायडर लावली, लारा क्रॉफ्ट या धाडसी बाईची गेम, आणि मी पोळ्या लाटता लाटता मागून बघत होते. ते हरणाचं आलं. लारा उपाशी, हातात नुकतंच धनुष्य मिळालेलं, हरीण मारते आणि त्याच्याजवळ बसून त्याची माफी मागते. भाचीने गेम थांबवला, म्हणाली, मावशी, ही किती घाबरते गं.

आणि मला एकदम १९९८ आठवलं. मी नववीत, दादाने मित्राकडून टॉम्ब रायडर २ ची सीडी आणलेली, कॉम्प्युटरवर आईने शिवलेलं फुलाफुलाचं कव्हर. ती लारा चीनच्या भिंतीवरून सुरू करायची, मग व्हेनिस, मग समुद्राच्या तळातलं जहाज, मग तिबेट, सगळं एका खंजिरासाठी. का? तर तिला तो हवा होता. एवढंच. मला त्या वेळी पांडवलेणीला जायचं म्हटलं तर घरी कारण द्यावं लागायचं. प्रोजेक्ट आहे, बाईंनी सांगितलंय, सोबत चार मैत्रिणी आहेत. "मला बघायचंय" हे कारण आमच्या घरात चालायचं नाही. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपल्या मुलाचा पराक्रम एका आईने दगडात कोरून घेतलाय, तो मला हात लावून बघायचा होता आणि ते मी कुणाला सांगू शकले नाही. म्हणून ती कारण न देणारी बाई मला फार म्हणजे फार आवडायची.

नव्या लाराला प्रत्येक पावलाला कारण दिलंय. आधी मैत्रीण समला सोडवायचं, २०१५ च्या गेममध्ये वडिलांची बदनामी पुसायची, मग ट्रिनिटी ही गुप्त संघटना. गेम सुंदर आहेत, वादच नाही. पण बाईने आधी काहीतरी सोसल्याशिवाय तिला धाडस करताच येत नाही का? तुम्हाला खेळताना काय वाटलं ते लिहा, नवी जुनी कुठलीही चालेल.

जुनासिडको
लाराच्या घरातला तो म्हातारा बटलर!! त्याला फ्रीजरमध्ये कोंडायचं आणि दार बंद!! आम्ही तीन भाऊ, पहिला तास फक्त तेच

जुनासिडको
आणि तिबेटचा तो मठ. चुकून एका भिक्षूला गोळी लागली की सगळे मिळून अंगावर. नेमके तिथेच लाइट गेलेले आमचे, सेव्ह नाही. धाकटा रडला होता अक्षरशः, आईने त्याला दूधसाखर पोळी दिली तेव्हा गप्प झाला

अंजनेरीवाला
ताई, कारण दिलंय याला माझी हरकत नाही, दिलेलं कारण टिकत नाही याला आहे. पहिला माणूस मारते ती झटापट आठवा, पिस्तूल दोघांच्या हातात, गोळी सुटते, ती थरथरते, ओकारी येईल असा चेहरा. मी श्वास धरून बसलो होतो. अन् मग पाच मिनिटांत मी झाडामागून एकेकाला बाण मारतोय आणि प्रत्येक हेडशॉटला वर पॉइंट्स येतायत. मग मघाचं रडू कुठे गेलं? लिहिणाऱ्यांना हे कळलेलं होतं असं मला ठाम वाटतं, कारण ती वायरलेसवर तिच्या गुरूला, रॉथला, स्वतःच सांगते की मारणं किती सोपं गेलं याचीच भीती वाटते. हे वाक्य म्हणजे अख्ख्या गेमचा गाभा होता. पुढचे पंधरा तास त्यावर उभे करायला हवे होते, आणि ते तिथेच सोडून दिलं. मला आजही त्याचा त्रास होतो

नाशिकरोड_लोकल
+१ अंजनेरीवाले. मी पण हेच भांडतो ग्रुपवर, लोक म्हणतात गेम आहे रे, गोळ्या तर झाडायच्याच ना. अरे मग आधी रडवू नका मला

तिसरीब
मी शिक्षिका आहे, मधली सुट्टी आहे म्हणून लिहितेय, तुटक होईल. गोदाकाठची, मला जुनी लारा कधी जवळची वाटलीच नाही गं. २०१४ साली द्वारकेच्या चौकात स्कूटरवरून पडले, मांडीत रॉड घातला, साडेतीन महिने अंथरुणात. भावाने लॅपटॉप आणून दिला, त्यात ही नवी होती. सुरुवातीलाच ती पडते आणि कुशीत सळई घुसते. ती हाताने ओढून काढते आणि मग कूस धरून, कण्हत, एक पाय ओढत चालते. मी वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायचे ना ते असंच. भिंतीला हात, दात आवळलेले, आई मागे. डॉक्टर म्हणायचे चाला, सगळे म्हणायचे हिंमत ठेवा, आणि मला वाटायचं हिंमत म्हणजे जुन्या लारासारखं दोन्ही हातात पिस्तूल घेऊन उडी मारणं, ते आपल्याला जमणार नाही. हिने मला दाखवलं की रडत रडत पण चढता येतं. ती रेडिओ टॉवर चढते ना, वारा, गंजलेल्या शिड्या तुटतायत खालून, तो भाग मी तीनदा खेळले. तिसऱ्या वेळी खेळून झाल्यावर उठले आणि वॉकर न घेता स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी होती, तिने मागे वळून पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवली.
बेल झाली, नंतर येते

गोदाकाठची
तिसरीब, अगं काय लिहिलंस. मी हे असं कधी पाहिलंच नव्हतं. पाय कसा आहे आता?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
ताई काळजी घ्या. माझ्या काकांना पण रॉड आहे, थंडीत दुखतो म्हणतात, गरम पाण्याची पिशवी ठेवत जा

खंडोबाचा_भक्त
हरणावरून आठवलं, गॉड ऑफ वॉर २०१८. तिथे पण सुरुवातीला हरीणच आहे. पोराच्या हातात आईचा सुरा, त्याच्याने होत नाही, त्याचा बाप क्रेटोस त्याच्या हातावर हात ठेवून सुरा आत ढकलतो. मग पोराच्या पाठीवर ठेवायला हात उचलतो आणि ठेवतच नाही, मागे घेतो. मी त्या वर्षी नुकताच बाप झालो होतो. माझे वडील एमआयडीसीत, रात्रपाळी, पाठीवर हात वगैरे कधी नाही, पण पहिली सायकल त्यांनीच आणली होती, मला झोपेतून उठवून दाखवली होती. आधीच्या गेममधला क्रेटोस नुसता ओरडायचा आणि मारायचा, सगळे म्हणाले आता मवाळ केला, बिघडवला. मला वाटतं त्याचा राग तसाच आहे, फक्त आता तो पोराला लागेल याची त्याला भीती आहे. हे मोटिव्हेशन समजायला मला दुसरं काही लागलं नाही, एक तो हात पुरला

अंजनेरीवाला
खंडोबाचा_भक्त, भाऊ, रडवलंत. मुलगा केवढा आहे आता?

खंडोबाचा_भक्त
मुलगी आहे, आठ वर्षं 🙂 तिला मासे पकडायचा गेम आवडतो फक्त

कॉलेजरोड_कट्टा
प्रिन्स ऑफ पर्शिया २००८ कुणालाच आठवत नाही का?? त्यातली राजकन्या एलिका जीव देऊन त्या राक्षसाला कोंडते आणि आपलाच हिरो ती चारही झाडं तोडून तिला परत आणतो, राक्षस मोकळा. आणि ती डोळे उघडून विचारते, का? सायबर कॅफेत आम्ही पाच जण एका स्क्रीनभोवती, तास संपलेला, काका पैसे मागतायत आणि आम्ही तिथेच भांडतोय. माझा मित्र म्हणाला बरोबर केलं, माणूस असंच करेल. मी म्हणालो तिने जे ठरवलं होतं त्याचा हा अपमान आहे. पंधरा वर्षं होऊन गेली, आमचं अजून मिटलेलं नाही. मागच्या महिन्यात त्याच्या लग्नात पण निघालं

नाशिकरोड_लोकल
लग्न कुठे होतं? जेवण काय होतं 😄

कॉलेजरोड_कट्टा
ओझरला. मांडे होते, खास बाया बोलावलेल्या

नाशिकरोड_लोकल
बास, आता भूक लागली

तिसरीब
आले. पाय छान आहे गं, दोन मजले चढते रोज. एक सांगायचं राहिलं. तू म्हणतेस नव्या लाराला स्वतःची इच्छाच दिलेली नाही, पण २०१३ चा शेवट बघ ना. सम सुटली, बोट मिळाली, कप्तान म्हणतो घरी नेतो. आणि ती म्हणते मी घरी जाणार नाही. तिथे कुणाला सोडवायचं नाहीये, कुणी मागे लागलेलं नाहीये. तिला फक्त जाणून घ्यायचंय

गोदाकाठची
हे खरंय गं. पण त्यासाठी गेम संपायला लागतो, आणि पुढच्या भागात लगेच वडील आणून बसवतात. मला ती बोटीवरची लारा पुढे खेळायला हवी होती, तिला तसंच जाऊ द्यायला हवं होतं

अंजनेरीवाला
२०१८ च्या भागात जरा प्रयत्न आहे तसा. ती मेक्सिकोत खंजीर उचलते आणि त्सुनामी येते, लोक मरतात, आणि तिचा मित्र जोना तिला सुनावतो की सगळं तुझ्याभोवती फिरत नाही. म्हणजे हव्यासाची किंमत दाखवली. पण तुमचा मुद्दा घेतला तर ते अजूनच वाईट, तिला हवं असणं हाच गुन्हा ठरला

गोदाकाठची
हो!! नेमकं हेच, मला शब्द सापडत नव्हता

सातपूर_सेकंड_शिफ्ट
टॉम्ब रायडरच्या पहिल्या गेमचा चीट (लेव्हल उडवायची छुपी युक्ती) दुसऱ्यात टाकला की लाराचाच स्फोट व्हायचा ते कुणाला माहितीये का

जुनासिडको
सातपूर, हो!!! धाकटा परत रडला होता

गोदाकाठची
भाची शेवटापर्यंत आली आत्ता, रात्रीचे साडेअकरा. बोटीचा सीन शांतपणे बघितला आणि म्हणाली, मावशी, तुझी ती जुनी कुठे मिळेल? सीडी तर कधीच हरवली. कुणाला माहितीये का

जुनासिडको
पहिले तीन एकत्र रीमास्टर होऊन, म्हणजे नव्याने सजवून, आलेत २०२४ मध्ये. एक बटण दाबलं की जुनी ग्राफिक्स, परत दाबलं की नवी. दुसऱ्यात वेणी हलते बघा तिची, पहिल्यात खेळताना वेणीच नव्हती

गोदाकाठची
साध्या लॅपटॉपवर चालेल का? वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये

जुनासिडको
माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतो. फार जुना नसेल तर चालेल. बटलरपासून सुरू करा