लीफ फिश गप्पीवर झडप का घालत नाही?

पाणवनस्पती: ॲमेझॉन लीफ फिश नुकताच आणलाय, साधारण 7 सेंमी. 2 फुटी टँक, पॉवर फिल्टर, लाइट दिवसभर चालू, पाणी बोअरचं. पंधरा-वीस गप्पी सोडलेत, पण हा डोकं खाली करून नुसता तरंगतोय. आजारी आहे का? पेलेट (दाणेदार कोरडं खाद्य) खाईल?

काळंपाणी: डोकं खाली ही त्याची शिकारीचीच ढब. आजारी मासा भरभर श्वास घेतो, पर मिटून बसतो.

हा पाठलाग करत नाही. वाळक्या पानासारखा तिरपा होऊन सरकत येतो. हलतात ते फक्त छातीचे पारदर्शक पर आणि पाठीच्या व पोटाकडच्या परांची मागची टोकं. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा नळीसारखा बाहेर पडतो, तोंडाची पोकळी एकदम फुगते आणि पाण्यासकट गप्पी आत ओढला जातो. पाणी कल्ल्यांतून बाहेर. पॉवर फिल्टरच्या झोतात जागेवर राहायलाच त्याला पोहावं लागतं, मग पानाचं सोंग टिकणार कसं? म्हणून संथ चालणारा स्पंज फिल्टर लावा. त्यात जिवाणू वाढेपर्यंत जुना फिल्टरही शेजारी महिनाभर चालू ठेवा, पण त्याचा झोत काचेकडे वळवा. वर तरंगत्या वनस्पती, आत लाकूड, देशी बदामाची वाळलेली पानं.

गप्पी तीन-चारच ठेवा, दीड-दोन सेंमीचे. घोळक्यात एकावर नेम धरता येत नाही. लाइट बंद व्हायच्या अर्धा तास आधी सोडा.

टीडीएसवाला: बोअरचं पाणी मोजलंत का? याला मऊ (कमी क्षारांचं), आम्लधर्मी पाणी लागतं: पीएच 5.5 ते 6.5, तापमान 25 ते 28 अंश. आरओचं पाणी मिसळा, पण रोज टँकमधलं 10 टक्केच पाणी बदला. पीएच उतरला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, तेव्हा अमोनिया तपासत राहा.

गोल्डफिशची पिल्लं कृपया देऊ नका. त्यांच्यातलं थायमिनेज बी1 जीवनसत्त्व मोडतं. सतत दिलं तर मासा तोल सोडतो. दुकानातले गप्पीही दोन आठवडे वेगळे ठेवून, पोटभर खाऊ घालूनच टाका.

पाणवनस्पती: आणि कायम जिवंतच द्यायचे?

काळंपाणी: पेलेट बहुतेक घेत नाही. मेलेल्या खाद्याची सवय लागू शकते, पण आधी तो जिवंत गप्पी नियमित खाऊ दे. मग ताजा मेलेला गप्पी लांब चिमट्यात शेपटीकडून धरून त्याच्या तोंडापुढून हळू आडवा न्या, मधे थांबवा, पुन्हा किंचित हलवा. सरळ त्याच्या अंगावर नेलात तर तो मागे हटतो. दहा मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका. मऊ पाण्यात सडका तुकडा फार लवकर घात करतो.