मदत हवी आहे: मुलांच्या शिबिरातली शेकोटी कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भोरजवळ ओळखीच्यांच्या शेतावर मुलांचं दोन रात्रींचं शिबिर आहे. वय दहा ते चौदा, मुलं साधारण चाळीस. निम्मी पुण्यातल्या आमच्या सोसायट्यांमधली, निम्मी तिथल्याच जिल्हा परिषद शाळेतली. दिवसाचं सगळं ठरलंय. जेवण शेतमालकीणकाकूंच्या ताब्यात आहे, त्यामुळे ती काळजीच नाही. दुसऱ्या रात्रीची शेकोटी मात्र माझ्या गळ्यात पडली आहे.

पेटवण्याची अडचण नाही, पेटवणारे बरेच आहेत. पेटल्यावर पुढे काय होतं ते मात्र मी बऱ्याच शिबिरांत पाहिलंय. कोणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढतो, तीच चार गाणी लागतात, पाच-सहा धीट मुलं नाचतात आणि बाकीची बघत बसतात. लहानांना आई आठवायला लागते. नाहीतर मग अंताक्षरी, ज्यात तिघंच गातात. शेवटी एखादे काका भुताची गोष्ट सांगतात आणि रात्री दोन वाजता बाथरूमला जायला प्रत्येकाला सोबत लागते.

या वेळी आणखी एक पेच आहे. गावातली आणि शहरातली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. "ज्याला काही येतं त्याने पुढे या" म्हटलं की क्लासवाली मुलं गाणं-कथ्थक घेऊन पुढे येणार आणि गावातली मागे सरकणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्यांच्याच गावात त्यांना प्रेक्षक करून बसवायचं नाही.

तर, या वयाला किती वेळ झेपतो? क्रम कसा लावायचा? नाटुकली आधी बसवून घ्यायची की ऐनवेळी? गोष्ट कोणती? आणि शेवट कसा करायचा? "चला, झोपा आता" म्हटल्यावर जो दंगा होतो तो टाळायचाय. सुरक्षिततेचंही सांगा. पाण्याच्या बादल्या आणि वाळू धरली आहे, त्यापलीकडचं हवंय.

नेटवरच्या याद्या वाचून झाल्या. सगळीकडे मार्शमेलो भाजायला सांगतात. आमच्याकडे रताळी आहेत.

— उंबरठा

*

खडू_फळा:

उंबरठाताई, शाळेत स्काउट पथक सांभाळलंय, त्यातून सांगतो. कार्यक्रम जाळाच्या कलाने लावायचा. जाळ चढता असतो तेव्हा आरोळ्या, टाळ्या, हातवाऱ्यांची गाणी. तो चांगला धरला की नाटुकली. बसायला लागला की कोडी, उखाणे, गप्पा. निखारे झाले की एक गोष्ट, एक संथ गाणं आणि संपलं. पाऊण तास ते एक तास पुरे. सव्वा तासाच्या वर गेलात तर पुढचं सगळं पहारा देण्यात जातं.

आता यातली खरी मेख सरपणात आहे. कार्यक्रम उतरत असताना कोणी उत्साही बाबा दोन ओंडके टाकतो, जाळ परत भडकतो आणि मुलंही. म्हणून सरपण एकदाच रचा आणि नंतर कोणालाही हात लावू देऊ नका. जाड ओंडके खाली एकमेकांना लागून, त्यावर आडवे मनगटाएवढे, त्यावर अंगठ्याएवढे, अगदी वर काटक्या आणि पाचट. काडी वरून लावायची. जाळ वरून खाली उतरत जातो, तास-सव्वा तास बघावं लागत नाही. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं हवं. आदल्या दिवशी छोटी रचून बघा.

सुरुवातीला पावसाची टाळी घ्या. एका बोटाने तळहातावर टिकटिक, मग दोन बोटं, तीन, चार, मग पूर्ण टाळी, आणि तशीच उतरत परत एका बोटावर. चाळीस जणांनी नीट केली तर सर येऊन गेल्यासारखी वाटते. तिला काही "येत" असावं लागत नाही, म्हणून ती पहिली. कथ्थकवालीही तेच करते आणि गुरं राखणाराही तेच.

स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, त्यात वेगवेगळ्या थरांतली मुलं मुद्दाम एका टोळीत मिसळली होती. रात्री शेकोटीजवळ ते स्वतः गोष्टी सांगायचे. तुमच्या पेचावरचा उपाय तोच आहे: टोळ्या पहिल्याच सकाळी मिसळून करा. शेकोटीच्या वेळी मिसळायला गेलात तर उशीर झालेला असेल.

*

लाऊडस्पीकर:

नाचायला आवडतं मुलांना, त्यात एवढं काय वाईट आहे? सगळं संस्कारी करून टाकू नका.

*

उंबरठा:

खडू_फळा सर, वरून पेटवायचं हे माझ्यासाठी नवीन. नक्की करून बघते.

लाऊडस्पीकर, नाचाला विरोध नाही हो. संध्याकाळी खेळानंतर अंगणात अर्धा तास हवा तेवढा धिंगाणा घालू दे. शेकोटीला नको, एवढंच.

*

हिरडा_बेहडा:

मी त्याच पट्ट्यातला. आमच्याकडे डिसेंबरात भात झोडून झालेलं असतं आणि प्रत्येक घरामागे पेंढ्याची गंज असते. शहरातल्या लोकांना ती दिसते, पण डोक्यात येत नाही. शेकोटीची जागा ठरवताना पहिली ती बघा, मग गोठा, मग आंब्याच्या खालच्या फांद्या. बांधावरचं गवत त्या दिवसांत कोरडंठाक असतं. जागेभोवती दोन-तीन मीटरची पट्टी खरवडून माती उघडी करा.

वारा दुपारी बघून उपयोग नाही. अंधार पडल्यावर डोंगराकडून खाली वारं सुटतं आणि दुपारच्या उलट दिशेला धूर जातो. आदल्या रात्री त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून बघा. पूर्ण गोल बसवू नका, घोड्याच्या नालेच्या आकारात बसवा. उघडी बाजू धूर जाईल तिकडे. ज्यांना दमा आहे ती मुलं वारा येतो त्या बाजूला आणि त्यांचा पंप ताईंच्या खिशात, बॅगेत नाही.

कडेला नदीतले गोटे लावू नका, आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटतात. अख्खा बांबू टाकू नका, पेरं फटाक्यासारखी उडतात. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड नको. बिब्ब्याचं लाकूड ओळखता येत नसेल तर रानातून मोळी आणायलाच जाऊ नका, त्याचा धूरसुद्धा बाधतो. सरपण काकूंकडूनच घ्या. नायलॉनच्या जॅकेटवर ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. पुढच्या रांगेत सुती कपडे, लोकर नाहीतर घोंगडी. रॉकेल घरातच राहू दे.

शेत मालकीचं आहे म्हणून हे सगळं चालतंय. शेजारच्या वनखात्याच्या हद्दीत किंवा गडावर असला उद्योग करायचा नाही, राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा, रात्री जाळ दिसला की गावातून माणसं धावत येतात. आणि झोपायला जाण्याआधी राखेत पाणी घालून काठीने ढवळा, परत पाणी घाला. उलट्या हाताला वरून ऊब लागतेय तोवर तिथून हलू नका.

*

पायवाट:

मी अशाच मिश्र गटांबरोबर काम करते. नाटुकल्यांबद्दल लिहिते.

ऐनवेळी सोडू नका आणि आठवडाभर बसवूही नका. दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीला एक तास द्या आणि विषय द्या: "आज शेतावर पाहिलेलं काहीतरी". प्रत्येक टोळीला त्याच तीन वस्तू: एक घमेलं, एक घोंगडी, एक कंदील. वेळ तीन मिनिटं. गंमत अशी होते की विषय शेतावरचा असल्यामुळे गावातली मुलं आपोआप दिग्दर्शक होतात. म्हैस वासराशिवाय पान्हा सोडत नाही म्हणजे काय होतं, पिकाला पाणी देताना दारं धरायला रात्री कोण जातं, रानडुक्कर आलं की काय ओरडायचं, हे त्यांनाच माहीत. सोसायटीतला मुलगा घोंगडी पांघरून म्हैस होतो आणि गावातली मुलगी त्याला ओरडून सांगते, "म्हैस अशी उभी राहत नसते!" इथेच ओळख होते.

सगळी नाटुकली पाच वाजता एकदा तुम्ही स्वतः बघा. कोणाच्या अंगावरून, बोलण्यावरून, जातीवरून, शिक्षकांच्या नकलेवरून विनोद असेल तर तिथेच बदलायला लावा. रात्री चाळीस जणांसमोर थांबवलंत तर त्या पोराचा शिबिरभर विरस.

आणि शाळेतल्या गुरुजींना विचारा, लेझीम किंवा हलगी वाजवणारी मुलं आहेत का. असणार. हलगी वाजवण्याआधी जाळाजवळ धरून शेकावी लागते, थंडीने कातडं सैल पडलेलं असतं. ते शेकणंच कार्यक्रमात घ्या. मुलगा हलगी फिरवत शेकतो, मध्येच बोटाने टकटक करून आवाज बघतो, मान हलवतो, परत शेकतो. सगळे गप्प होऊन त्याच्याकडे बघत असतात. तुमचा कीबोर्डवाला दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे मागे फिरतो की नाही बघा. मोठी वादक मंडळी बोलावणार असाल तर मानधन आधी ठरवा, नुसता नारळ देऊन बोळवण नको.

*

लाऊडस्पीकर:

हलगी चालेल. हलगीवर नाचता येतं.

*

मृगशीर्ष:

गोष्ट मी सुचवतो. भुताची नको. दहा वर्षांचं मूल पहिल्यांदाच घराबाहेर झोपत असतं.

डिसेंबरच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांत चार तारे आणि मध्ये एका ओळीत तीन. ते तीन म्हणजे बाण. जुनी कथा अशी की प्रजापती हरणाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे लागला आणि व्याधाने त्याला बाण मारला. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. म्हणजे पळणारी, पाठलाग करणारा आणि मारणारा, तिघं एका रेषेत. बाण अजून हरणाच्या पोटातच आहे.

गोष्ट निखाऱ्यांजवळ बसून सांगा, पण वर बघायला सांगू नका. जाळाकडे बघून डोळे दिपलेले असतात, काही दिसणार नाही. गोष्ट संपली की एक टोळी उठवायची, शेकोटीकडे पाठ करून दूरच्या बांधापर्यंत न्यायची आणि पाच-सात मिनिटं शांत उभं करायची. मग बाण शोधायला लावायचा. सापडला की तसेच तंबूकडे. त्यानंतर दुसरी टोळी. राहिलेले तोवर संथ गाणी म्हणतील. तुमच्या शेवटाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, कारण "झोपा" असं कोणाला म्हणावंच लागत नाही. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. आणि तारीख ठरली असेल तर तिथी बघून ठेवा. पौर्णिमेच्या आसपास कृत्तिका फिक्या पडतात, बाण आणि व्याध तरीही दिसतात.

*

उंबरठा:

सगळ्यांचे आभार. टोळ्या पहिल्याच सकाळी चिठ्ठ्या टाकून करते. साडेसातला पेटवायची, पावसाची टाळी, आरोळ्या, हलगी, पाच नाटुकली, कोडी, मग गोष्ट आणि टोळीटोळीने बांधावर. मृगशीर्ष, साडेसातला सुरू केलं तर गोष्ट साडेआठलाच संपेल. व्याध तेव्हा वर आलेला असेल का? आणि रताळी या सगळ्यात कुठे बसवू?

*

मृगशीर्ष:

असेल, पण क्षितिजाजवळ. पूर्वेला डोंगर असेल तर आड जाईल. अर्धा तास उशिरा पेटवा.

*

हिरडा_बेहडा:

रताळी शेकोटीत टाकू नका. जाळात वरून करपतात, आत कच्ची राहतात आणि पोरं काढायला हात घालतात. काकूंच्या चुलीत स्वयंपाक उरकल्यावर गरम राखेत पुरून ठेवा. मनगटाएवढी जाड असतील तर पाऊण तास. बांधावरून परतणाऱ्या टोळीला एकेक हातात द्या, मीठ-तिखट लावून. आणि कोणाला चटका बसलाच तर वीस मिनिटं साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावणारे काका प्रत्येक शिबिरात असतात, त्यांना लांब ठेवा.